साडीच्या पन्नीत गुंडाळलेला फोन

आमच्या घरात एखाद्या वस्तूला पाणी लागू द्यायचं नसेल, तर उपाय एकच: साडीची प्लास्टिकची पन्नी. बायको मार्केटमधून साड्या आणून घरी घड्या घालते, पन्नीत भरते, त्यामुळे पन्न्यांना तोटा नाही. रेशनकार्ड पन्नीत, टीव्हीचा रिमोट पन्नीत. मी एकदा म्हटलं, मलाही घाल एखाद्या पन्नीत. म्हणाली, तुमच्या मापाची मिळत नाही.

श्रावणात बसवतो त्या कानबाई देवीच्या विसर्जनाला निघताना फोनही पन्नीतच जाणार, यात मग नवल काय! श्रावणातली रिपरिप, वरून नाचणाऱ्यांचा गुलाल. मी आधी चार्जिंगच्या भोकावर चिकटपट्टी लावली, मग फोन पन्नीत घालून तोंडही चिकटपट्टीनं बंद केलं. बायकोचा फोन घरीच ठेवायला लावला. एक नीट सांभाळला म्हणजे झालं, असं मीच म्हणालो.

सांभाळायचं कारण माय होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती गावी थोरल्या भावाकडे पडून. त्याआधी दर श्रावणात आमच्याकडे डिंडोलीला यायची आणि आमच्या गल्लीतली कानबाई डोक्यावर घ्यायची. आता काचबिंदूनं एक डोळा गेला होता, दुसरा जात होता. गेलेली नजर परत येत नाही, एवढं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आदल्या दिवशी फोनवर मला म्हणाली, "यंदा कानबाई माले दखाडी दे, भाऊ. पुढला साल डोया ऱ्हातीन का नही, कोन जाने." मायनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे मागितलं.

टेम्पोतून तापीवर पोचलो तेव्हा पन्नी आतून घामेजली होती. तापलेला फोन, माझ्या ओल्या मुठी आणि हवा जायला कुठंच जागा नाही. डाळीच्या पातेल्यावर झाकण ठेवावं तसं झालेलं. फोन बाहेर काढला तर भोकावरची चिकटपट्टी सुटून लोंबत होती. बॅटरी रात्रभराच्या गाण्यांच्या शूटिंगमध्ये संपत आलेली. शेजाऱ्याची पॉवर बँक लावली, तर पडद्यावर पाण्याचा थेंब आणि खाली सूचना: पोर्टमध्ये ओलावा आहे, चार्जर काढा. काढला. पुसला. लावला. पुन्हा थेंब. अरे बाबा, नदीत कानबाईला न्यायचंय, तुला नाही!

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला फुंक मार. मी मारली, तर तोंडातली वाफ अजून आत गेली. दुसरा म्हणाला तांदळात ठेव. नदीकाठी तांदूळ कुठले? पूजेच्या ताटात होते, तेही कुंकू लावलेले. अक्षतांत फोन खुपसला. बाहेर काढला तेव्हा भोकात कुंकू भरलेलं आणि थेंब तिथंच. बायको म्हणाली, "झालं, त्यालाही सवाष्ण केलं." एरवी मी हसलो असतो.

तेवढ्यात बायका कानबाईला घेऊन पाण्याकडे निघाल्या. उरलेल्या बॅटरीवरच मी मायला व्हिडिओ कॉल लावला. तिनं डोक्यावरून पदर घेतला होता, फोन अगदी नाकाशी धरला होता. "कानबाई कोठे शे?" म्हणाली. मी हात उंच केला. मधे ढोलवाल्यांच्या पाठी. मी गर्दीत घुसलो, एकाचा पाय तुडवला, त्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि कानबाईच्या मखराशी पोचलो तेव्हा हातातला पडदा काळा झाला होता.

माझ्या चहूबाजूंना फोनच फोन होते. सगळे हात वर, सगळ्यांचं शूटिंग चाललेलं. मागितला असता तर कुणीही दिला असता. पण नंबर? ना मायचा पाठ, ना भावाचा. सगळे त्या कुंकू भरलेल्या डबड्यात. रडू आलं मला. एवढा मोठा बाप्या आणि आईला एक देवी दाखवू शकत नाही. कानबाई माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेली आणि मी मेलेला फोन हातात धरून उभा राहिलो.

घरी येऊन बायकोच्या फोनवरून कॉल केला. माय म्हणाली, जाऊ दे, गाणी मी इथंच म्हणून टाकली. भाऊ म्हणाला, जेवलीही नाही, फोन पुन्हा वाजेल म्हणून हातात घेऊन बसली होती.

पुढच्या श्रावणात मी कसर ठेवली नाही. भोकाला रबराचं बूच, पट्ट्याची वॉटरप्रूफ पिशवी, फोन पूर्ण चार्ज, शिवाय बायकोचा फोन वेगळा. नदीवर कोरडाठाक फोन काढला आणि कॉल लावला. तसाच पाण्याकडे पळालो, कानबाईच्या अगदी समोर उभा राहिलो. "माय, दिखस का?"

"दिखस ना, भाऊ," ती म्हणाली. "कितली गोड दिखस. नथ चमकी राहिनी."

तेव्हा माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या, मायला काय दिसतंय ते दाखवणाऱ्या छोट्या चौकटीकडे गेलं. ती काळी होती. पिशवीचा पट्टा कॅमेऱ्यावर आला होता, केव्हापासून कोण जाणे.

माझा हात पट्ट्याकडे गेला आणि तिथंच राहिला. माय हात जोडून पडद्याकडे बघत होती, जरा बाजूलाच. मी म्हटलं, "हा माय. नथ नवी शे."