‘संभाव्य’ हा शब्द

उतारवयात लेखणी धरलेल्या माझ्यासारख्याने या विषयावर लिहावे, हा आगाऊपणाच. वाचकांनी तो पोटात घालावा.

गेल्या वर्षी कोसळलेल्या विमानाचा, त्यातच गेलेला वैमानिक हा आमच्या शेजारच्या सुमनताईंचा मुलगा. चौकशीचा इंग्रजी अहवाल घेऊन त्या माझ्याकडे आल्या. “भाऊ, कारण तेवढं मराठीत लिहून द्या. घरात ठेवीन.”

मी लिहिता लिहिता वाचले, “संभाव्य कारण : वैमानिकाची चूक.”

“संभाव्य म्हणजे पुढं घडेल ते ना? हे तर घडून गेलंय.”

चूक माझी होती; मूळ इंग्रजी शब्द ‘प्रॉबेबल’. मी शब्द खोडला. “बहुधा, असं म्हणायचंय त्यांना.”

“बहुधा?” चष्मा काढून त्या म्हणाल्या, “नुसत्या बहुधावर माझ्या पोराचं नाव घेतलं होय?”

कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर अहवालाविषयी रोज नवी शंका निघते. कधी इंजिन, कधी पक्षी. सुमनताई पिशवी हातात धरून प्रत्येक शंका शेवटपर्यंत ऐकतात. खरे काय ते कट्ट्याला ठाऊक नाही, आणि मलाही नाही. शंकेने मुलगा निर्दोष ठरत नाही. अहवालाने दोषीही पुरता ठरत नाही.

तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे. खोडलेल्या शब्दाच्या वरची जागा कोरी आहे.

तिथे मी काय लिहू?