एकाच आकड्याचे दोन शेरे

“काय गं, घेतेस का?” डॉक्टरसाहेबांनी अंगठा तोंडाकडे नेला.

दारात चार पेशंट बसले होते. वॉर्डबॉय फिदीफिदी हसला. मला आठवा महिना होता.

चिंचवडच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी हंगामी होते. कायम करण्याआधीची तपासणी होती. माझ्या रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज सव्वीस युनिट निघालं. नेहमीच्या दुप्पट. यकृत बिघडलं की हे एन्झाइम वाढतं.

“नाही साहेब.”

“तुमच्या वस्तीत घरोघरी भट्टी. आणि मला सांगतेस?”

त्यांनी फाइलवर लिहिलं: मद्यपान?

माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी दारू सोडली. पुन्हा थेंब नाही. त्यांची मुलगी मी, घरातली पहिली बी.एस्सी. आणि मी म्हणाले, “बरं साहेब.” राजगुरुनगरच्या शाळेपासूनची सवय. फी माफ करणाऱ्या गुरुजींचे उपकार, वसतिगृहाचे उपकार, नोकरी देणाऱ्याचे उपकार. उपकाराखाली मान वर होत नाही.

पाय सुजले होते. टेबलाशी येऊन बसले. खरं सांगते, मला माझीच शंका येऊ लागली होती. मग कॉलेजातलं आठवलं. बाळाला पोसणारी वारसुद्धा शेवटच्या महिन्यांत हे एन्झाइम बनवते. वारेचं उष्णता सोसतं, यकृताचं सोसत नाही. मी माझं सीरम अर्धा तास गरम पाण्यात धरलं. पुन्हा मोजलं. वाढलेला भाग जागच्या जागी. म्हणजे तो वारेचा, यकृताचा नाही. यकृताच्या बाकी तपासण्याही ठीक होत्या.

आमचे सीनियर शेखचाचा बघत होते. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं.

“बेटा, मी काही दाखवलं नाही हं.”

मागच्या आठवड्यातली नोंद. एका मॅनेजरची सून. आठवा महिना. सव्वीस. शेजारी डॉक्टरसाहेबांचं अक्षर: गर्भामुळे. काळजी नको.

म्हणजे साहेबांना ठाऊक होतं.

मी रजिस्टर घेऊन परत गेले. ते आणि माझी फाइल शेजारी शेजारी ठेवली. साहेबांनी पाहिलं. वॉर्डबॉयला बाहेर पाठवलं.

“एवढं काय लावून घेतेस मनाला? करतो ना कायम.”

“आधी तो शब्द खोडा साहेब. खाली सही करा.”

“माझं लिहिलेलं मी खोडत नसतो. हंगामीच राहायचंय का?”

“राहीन.”

रजिस्टर उचललं आणि माझ्या टेबलाशी परत आले.

मुलगी आता शाळेत जाते. मी अजून हंगामी आहे. तो शब्द खोडावा म्हणून दर वर्षी अर्ज करते. दोन्ही आकडे, दोन्ही शेरे, उष्णतेची तपासणी, सगळं लिहिते. उत्तर येत नाही. थकले आहे, खोटं कशाला बोलू? पण ती फाइल कपाटात आहे आणि तिच्यावर तो शब्द आहे. यंदाचा अर्ज काल दिला. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलले नाही.