रंगण्णा भ्याले नव्हते

"रंगण्णा सज्जन होते, पण भित्रे. कस्टम्सच्या अधिकाऱ्याने डोळे वटारले आणि त्यांनी आमच्या मालावर चढा कर निमूटपणे लावून घेतला." परवाच्या शोकसभेत आमच्या कंपनीच्या मालकांच्या पुतण्याने हे उद्गार काढले आणि समोरच्या मंडळींनी हळहळत माना डोलावल्या. मी ताडकन उठलो. शेजारच्याने सदऱ्याची बाही ओढली, "बसा हो काका, शोकसभा आहे." बसलो. परंतु ज्या खोलीत डोळे वटारले गेले म्हणतात, त्या खोलीत पुतण्या नव्हता, मी होतो. तेव्हा आता मी बोलणार आहे.

रंगण्णा, म्हणजे रंगनाथराव, हे म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या आमच्या कंपनीचे क्लिअरिंग एजंट. परदेशातून आलेला माल कस्टम्समधून सोडवून आणणे हा त्यांचा व्यवसाय, आणि आयात विभाग माझ्याकडे. त्यामुळे गाठ रोजची. येलवालहून स्कूटरवर येत, पण फाटकाशी स्कूटरच्या आधी त्यांचा आवाज पोचे. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात मुरलेले मराठी घर. वाक्य मराठीत सुरू होई आणि कन्नडात संपे. विनयाशी त्यांचे कधी जमले नाही. आपल्याइतके करांचे वर्गीकरण साऱ्या दक्षिणेत कोणाला कळत नाही, असे ते स्वतःच सांगत. मला राग येई तो एवढ्याचसाठी, की दुसरा क्रमांक माझा आहे, असे ते चुकूनही म्हणत नसत.

"नाव राहू दे, काम सांगा. अष्टे!" हे त्यांचे पालुपद. अष्टे, म्हणजे एवढेच. वस्तू कोणत्या वर्गात बसते यावर तिचा कर ठरतो. आणि वर्ग ठरवताना पेटीवरचे नाव पाहायचे नाही, वस्तू करते काय ते पाहायचे, हा त्यांच्या धंद्याचा पाया. तो त्यांनी सगळ्या जगण्यालाच लावून टाकला होता. माझ्या मुलीला पाहायला आलेल्या तरुणाची ओळख त्याच्या मामांनी "मॅनेजर" अशी करून दिली, तेव्हा रंगण्णा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मॅनेजर हे नाव झालं कणो. ऑफिसात गेल्यावर पहिलं काम काय करतोस?"

"मेल बघतो."

"मग?"

तो घामाघूम झाला. "मग... कॉफी पितो."

"खरं बोलतो हो हा! देऊन टाका मुलगी!" माझे जावई ही गोष्ट अजून रंगवून सांगतात.

आता त्या मालाविषयी. एच. डी. कोटेच्या बाजूला रानालगतच्या शेतांत हत्ती उतरतात. अंगातून निघणाऱ्या उष्णतेवरून अंधारातही जनावराची आकृती पडद्यावर दाखवणारी टेहळणीची उपकरणे आमच्या मालकांनी परदेशातून मागवली. पेट्यांवर ठळक अक्षरांत "थर्मल" असे छापलेले. मालकांनी तर्क लढवला: थर्मल म्हणजे उष्णतेचे, म्हणजेच तापमापक. तापमापकाला कर कमी, कॅमेऱ्याला जास्त. "तापमापक लिहून मोकळे व्हा," त्यांनी रंगण्णांना फर्मावले.

विक्रेत्याने दाखवण्यापुरते एक उपकरण आधीच आमच्याकडे धाडले होते. रंगण्णांनी ते भर दुपारी मालकांच्या टेबलावर मांडले आणि कॅन्टीनमधून चिनी मातीचे दोन मग मागवले. एकात वाफाळती कॉफी, दुसऱ्यात गार पाणी, दोन्हींवर बशा. पडद्यावर एक मग लखलखीत पांढरा, दुसरा काळाठिक्कर! दारात गर्दी झाली. कोणीतरी भिंतीवर पंजा टेकवून काढून घेतला, तर पडद्यावर कोऱ्या भिंतीवर पंजा उजळलेलाच. "अय्यो, नोडी नोडी, बघा बघा! हात गेला, ऊब राहिली!" रंगण्णा अक्षरशः नाचले. मीही माझा पंजा टेकवून पाहिला, हे कशाला लपवू?

मग ते एकदम आमच्या इंजिनियरकडे वळले. "आता सांग. ही कॉफी किती अंश गरम आहे?"

त्याने होती नव्हती ती बटणे दाबली. "आकडा येत नाही, सर. यात ती सोयच नाही."

"मग तापमापक कसला? आजीला ताप आला आणि थर्मामीटर म्हणाला, 'आजी पांढरी दिसते', तर डॉक्टरनं काय करायचं?" दारातली गर्दी खो खो हसली. रंगण्णा मालकांना म्हणाले, "कोटेच्या शेतकऱ्याला हत्तीचा ताप मोजायचाय, की हत्ती आला ते बघायचंय? हे मोजत नाही साहेब, बघतं. बघतो तो कॅमेरा. अष्टे!"

मालक हसले नाहीत. "रंगण्णा, गावात दुसरेही एजंट आहेत."

हसू जागच्या जागी विरले. रंगण्णांचे बहुतेक काम आमच्याच कंपनीचे होते, हे सर्वांना ठाऊक होते.

"असू देत की. पण या कागदावर सही माझी." एवढे बोलून त्यांनी प्रयोगातला मग उचलला, कॉफी सावकाश संपवली आणि ते निघून गेले.

माल आला, तेव्हा मालकांनी मला रंगण्णांसोबत कस्टम्समध्ये पाठवले. वाटेत त्यांचे मन वळवा, अशी आज्ञा होती. मी वळवले नाही. पडद्यावर आकडा उमटत नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने वळवावे? माल कॅमेरा म्हणून सुटला, कर चढा भरावा लागला, आणि मालकांनी आमचे सारे काम दुसऱ्या एजंटाला देऊन टाकले. ती स्कूटर पुन्हा आमच्या फाटकाशी आली नाही. पुढे रस्त्यात भेटत, तेव्हा त्याच आवाजात विचारीत, "काय हो, निवृत्त हे नाव झालं, काम काय करता?"

राहता राहिले ते वटारलेले डोळे. कागद अजून दाखल व्हायचे होते. अधिकाऱ्याने पेटीवरचे "थर्मल" वाचले, आमच्याकडे पाहून प्रसन्न हसला आणि म्हणाला, "तापमापक ना? त्याच वर्गात लिहा, लगेच सोडतो."

"नको साहेब," रंगण्णा म्हणाले, "हा कॅमेरा आहे. पेटी उघडा, दाखवतो."