आधी हरलेल्यांकडे

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे मामा म्हणतात. त्या हिशेबाने मी अख्ख्या वर्तमानपत्राची मामी. पूर्वी याचं हसू यायचं. आता कुणी मामी म्हणून हाक मारली की टाळकं सटकतं, कारण त्या ऑफिसाने माझ्या नवऱ्याला खरोखरच मामा बनवलं.

मामा खेळाच्या बातम्या देतात. देत होते, असं म्हणायला हवं. फुटबॉल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं, की या माणसाचा रविवार काही आपल्या वाट्याला येणार नाही. तेव्हापासून रविवारी मी एकटी जेवते आणि समोर पेपर उघडून बसते. त्यांचंच पान वाचते, हे त्यांना अजून कबूल केलेलं नाही. उगाच डोक्यावर बसतील.

त्यांची एक पद्धत होती. सामना संपला की बाकीचे बातमीदार जिंकलेल्यांकडे धावायचे. मामा आधी हरलेल्यांच्या खोलीत जायचे. म्हणायचे, "जिंकलेले कुठे पळून जातायत? ते उद्याही तेच बोलतील." ओल्या मोज्यांचा आणि मलमाचा वास भरलेल्या त्या खोलीत बाकावर टेकायचे, समोरच्याला पाणी द्यायचे आणि मग विचारून रेकॉर्डर सुरू करायचे. अक्षर इतकं किडकं, की स्वतःचं लिहिलेलं त्यांना स्वतःलाच लागत नाही, म्हणून रेकॉर्डर. बोलणं संपलं की ठरलेला प्रश्न असायचा : "यातलं काय छापू?" समोरचा जे नको म्हणेल ते छापत नसत. खेळाडूंना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून दुसऱ्या कुणाशी बोलत नसत ते मामांशी बोलत.

मग ऑफिस बदललं. खेळाचं पान आधी अर्धं झालं, नंतर जाहिरात उरवेल तेवढं. मोठ्या सामन्यांच्या बातम्या कॉम्प्युटरच लिहायला लागला. गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला केला, सगळं बिनचूक. वाचताना फक्त झोप येते. इथल्या मैदानावरच्या सामन्यांना तर कुत्रं विचारेना. मारामारी झाली तरच बातमी. वर एक नवा साहेब आला. माणूस भेटला की नमस्काराआधी व्ह्यूज किती झाले ते विचारतो, म्हणून मी त्याचं नाव व्ह्यूजराव ठेवलंय.

या व्ह्यूजरावाने सगळ्यांना ऑफिसचे फोन दिले आणि जुने रेकॉर्डर काढून घेतले. त्या फोनवर जे काही रेकॉर्ड होईल ते चित्रासकट आपोआप ऑफिसात जाऊन पडतं. मीटिंगमध्ये तसं सांगितलं होतं म्हणे. मामांनी मीटिंगमध्ये एवढंच डोक्यात घेतलं, की हा नवा रेकॉर्डर. आपण बटण दाबून पाठवल्याशिवाय काही जात नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती.

आणि अशात मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना आला.

त्यातल्या एका संघाची गोलकीपर म्हणजे भिंत. हे नाव मामांनीच पाडलं होतं आणि ते तिला चिकटलं. एका कंपनीच्या संघातून ती खेळायची. संघात आहे तोवर कंपनीच्या पॅकिंग खात्यात काम. संघातून नाव कटलं की कामही गेलं. घरात ती आणि आई, कमावणारी ती एकटी. सामना पेनल्टीवर गेला, शेवटचा बॉल तिच्या डाव्या बाजूने आत शिरला आणि भिंत जागची हललीच नाही.

मामा नेहमीप्रमाणे हरलेल्यांच्या खोलीत गेले. फोन बाकावर टेकवून ठेवला. ती रडत रडत बोलली. डावा खांदा आधीच्या सामन्यातच गेला होता. कोचला सांगितलं, तर त्याने इंजेक्शन टोचून घ्यायला लावलं आणि म्हणाला, "तू नुसती उभी राहा. तुझ्या नावालाच टरकतात सगळ्या." शेवटच्या बॉलला हात वर जाईना. "मी उडीच मारली नाही, मामा," ती म्हणाली. "त्या खांद्यावर पडले असते तर तो कायमचा गेला असता. घाबरले मी."

"यातलं काय छापू?"

"काहीच नको. कोचबद्दल एक शब्द बाहेर गेला तर माझं नाव कटलंच म्हणून समजा."

"हे आपल्यात राहिलं," मामा म्हणाले आणि घरी आले. मलासुद्धा त्या दिवशी काही सांगितलं नाही.

मी दातांच्या दवाखान्यात बसते, पेशंटचे नंबर लावते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाल टम्म सुजलेला एक पेशंट फोन बघून खिदळत होता. दाढ ठणकत असताना माणूस हसतो कसा, म्हणून मी डोकावले. फोनमध्ये भिंत रडत होती. "मी उडीच मारली नाही, मामा." बस, तेवढंच. पुन्हा तेच, पुन्हा तेच. वर लाल अक्षरांत लिहिलेलं : "भिंतीने मुद्दाम सोडला बॉल?"

ते प्रश्नचिन्ह पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाची अब्रू चव्हाट्यावर मांडायची आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह टाकायचं, म्हणजे आम्ही बाबा नुसतं विचारलं! खाली लोक तिने किती खाल्ले त्याचे अंदाज बांधत होते. सुजलेला गाल म्हणाला, "विकली गेली हो पोरगी." मी त्याचा नंबर सगळ्यात शेवटी टाकला. ठणकू दे खुशाल.

मामांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, मी पाठवलंच नव्हतं." आणि तडक ऑफिसला निघाले.

पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तेही ऑफिसात पाऊल न टाकता. बातमी कशी तयार होते ते लोकांना दिसावं, म्हणून व्ह्यूजरावाने ऑफिसच्या मधोमध एक कॅमेरा लावून ठेवलाय. दिवसभर चालू असतो, कुणालाही फोनवर थेट बघता येतो. तिथली माणसं त्याला इतकी सरावली आहेत, की भिंतीवरच्या घड्याळाइतकंही कुणी त्याच्याकडे बघत नाही. मामाही बघत नसत.

"ते काढ आधी," मामा व्ह्यूजरावाला म्हणाले.

"अहो मामा, कसलं चाललंय ते! आता काढलं तर लोक म्हणतील दडपलं."

"तोडून-मोडून दाखवलंयस तू. ती पुढे काय बोलली ते कुठाय?"

"मग पूर्णच टाकू की. उलट पुढचं जास्त भारी आहे."

"शब्द दिलाय मी तिला!"

"शब्द तुम्ही दिलाय, मामा. ऑफिसने नाही दिला."

इथे माझ्या नवऱ्याचा तोल गेला. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. माझाच चढायचा. टेबलावर हात आपटून ते ओरडले, "पोरीचा खांदा निकामी झालेला असताना इंजेक्शन टोचून उभी केली त्या कोचने! आणि तुम्ही तिला चोर ठरवता? लाज नाही वाटत?" मग फोन टेबलावर आदळला, "ही तुमची नोकरी," म्हणाले आणि बाहेर पडले.

संध्याकाळपर्यंत ते भांडण घराघरांत पोचलं होतं. ज्या ऑफिसला शिव्या घातल्या त्याच ऑफिसने ते लावलं होतं, वर मथळा : "ज्येष्ठ पत्रकाराचा उद्रेक". शेजारणी दारात येऊन म्हणाल्या, "काय सुनावलंय तुमच्या ह्यांनी!" मी तीनदा पाहिलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. चौथ्यांदा पाहताना नजर खाली गेली. वरच्या अर्ध्या चौकटीत मामा ओरडत होते आणि खालच्या अर्ध्या चौकटीत ती पोर रडत होती. त्यांचा आवाज जितका वेळ चालला तितका वेळ तिचं रडणं फिरवत ठेवलं होतं. लोकांनी सकाळच्यापेक्षा दुप्पट पाहिलं. व्ह्यूजरावाला दोघंही फुकटात मिळाली.

मामांना मात्र वाटत होतं, की आता तिची बाजू लोकांपुढे आली. त्यात दोन दिवसांनी दुसऱ्या एका चॅनेलचा फोन आला : तुम्ही आणि ती मुलगी दोघं या, अर्धा तास देतो, हवं ते बोला. मामा मोहरून गेले. "चल," मला म्हणाले, "तिला स्वतः जाऊन सांगू."

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. आईने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. भिंत गळ्यात हात अडकवून पलंगावर बसली होती. आम्हाला बघून उठली आणि दारापर्यंत आली. अंगाने केवढी थोराड पोर, पण आवाज पार बसलेला.

"कंपनीने सांगितलं होतं, गप्प राहा," ती म्हणाली. "चार दिवसांत लोक विसरतील, मग परत घेऊ. मी गप्प होते, मामा. काल बोलावून घेतलं. म्हणाले, कोचची बदनामी केलीस, तुझं नाव कापलंय. इंजेक्शनचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त तुम्हाला."

मीच मध्ये पडले, म्हटलं, "अगं, त्या व्ह्यूजरावाला सोडायचं नाही. हे दुसरे लोक अर्धा तास देतायत. हे बोलतील, चांगले खडसावतील त्याला."

"नको, मामी." ती माझ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मामा, आता रागावू नका. तुम्ही रागावलात की ते मला परत दाखवतात."

मामांनी मान हलवली. तिच्या आईने दार लावून घेतलं.