बोलण्याआधी

विट्याजवळच्या आमच्या शाळेत कबड्डीला एक निवृत्त फौजी पंच म्हणून यायचे. फक्कीच्या रेषा स्वतः मारायचे. झटापटीत नीट दिसलं नाही, तर खेळणाऱ्यालाच विचारायचे, "हात लागला का रं?" पोरगं सांगेल ते खरं धरायचे.

दुष्काळाच्या वर्षी शेवटच्या सामन्यात त्यांनी मला विचारलं. हात लागला होता. मी आमच्या खेळाच्या सरांकडे पाहिलं. त्यांनी मान आडवी हलवली.

"न्हाई," मी म्हणालो. आम्ही जिंकलो.

फौजी आमच्या सरांना एवढंच म्हणाले, "पोरगं खोटं बोललं, त्याचं काय न्हाई, मास्तर. पण बोलायच्या आदी त्यानं तुमच्याकडं बघितलं."

ते पुन्हा आले नाहीत.

पुढं त्याच शाळेत मी खेळाचा मास्तर झालो. पहिल्याच सामन्यात पंचांनी विचारल्यावर एका पोरानं माझ्याकडे पाहिलं. माझी मान आडवी हलली.