सव्वा की पाऊण

माझ्या लग्नात आईनं जावयाला पुष्कराजाची अंगठी घातली. ज्योतिष्यांनी पत्रिका बघून सव्वापाच रत्तीचा खडा सांगितला होता. आईनं बुधवार पेठेत काट्यासमोर उभं राहून तो तोलून घेतला आणि मगच अंगठीत बसवून आणला. मांडवात माझ्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भावानं, नवऱ्याचा हात डोळ्यांजवळ ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विहीणबाई, हा चार रत्तीसुद्धा भरायचा नाही. फसलात, की फसवलंत?"

आईनं दुकानाची चिठ्ठी पुढे केली. "चिठ्ठी काय, कोणीही लिहून देतं," मामा म्हणाले. नवरा गप्प बसला. दुसऱ्याच दिवशी त्यानं अंगठी काढून कपाटात टाकली, ती टाकलीच. आईनं आमच्याकडे येणं सोडलं. नातीच्या बारशाला बिबवेवाडीहून आली, तीही पाळण्याला हात लावून, पाणीसुद्धा न पिता गेली.

मामा मात्र दर भाऊबीजेला यायचे, पोटभर जेवायचे आणि मला विचारायचे, "काय सूनबाई, आईचा पुष्कराज वाढला का थोडा?" मी हसायचे. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

पुढे मी रत्नपरीक्षेचा कोर्स केला. आवड होती म्हणून, असं सगळ्यांना सांगते. साफ खोटं आहे. मला उट्टं काढायचं होतं. तिथे कळलं की अंगठीतला खडा न उचकटताही त्याचं वजन काढता येतं. लांबी, रुंदी, खोली मोजायची, त्या रत्नाची घनता धरायची, आकाराप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं आणि येतील त्या कॅरटच्या रत्ती करायच्या. बघणारे फसतात ते खोलीत. वरून दिसतं ते नुसतं तोंड; वजन पोटात असतं. ग्रहाच्या अंगठीत तर खडा बोटाला टेकायला हवा म्हणून तळ उघडाच ठेवतात. त्यामुळे कॅलिपरचा, म्हणजे मापाच्या चिमट्याचा, एक जबडा वर आणि दुसरा तळाला सहज लावता येतो.

कपाटातली अंगठी आधी मी एकटीनंच मोजली. आईचंच चुकलं असेल तर? लांबी ९.६ मिलिमीटर, रुंदी ८.४, खोली ७.४. हिशेब केला. सव्वापाच, वर केसभर जास्तच. मी तिथेच फरशीवर बसून रडले. मग भाऊबीजेची वाट बघू लागले.

यंदा मामांनी श्रीखंड संपवलं आणि तोच प्रश्न विचारला. मी सगळ्यांसमोर अंगठी मोजली आणि मोबाइलवरचा हिशेब सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला.

"असेल. खोल असेल," मामा म्हणाले.

"आता आपली अंगठी द्या, मामा."

त्यांच्या तर्जनीत वीस वर्षं सव्वासात रत्तीचा पुष्कराज होता, निदान ते तसं सांगत. चारचौघांत नाही म्हणायची सोय नव्हती. वरून खडा चांगला ऐसपैस होता. बाजूनं पाहिला तर पापड. खोली जेमतेम ४.१.

खडा घालायचा तो सव्वानं, पाऊणनं कधीच नाही. पाऊण म्हणजे अपुरं, फळ उलटं मिळतं. हे मामांनीच आम्हाला शंभरदा ऐकवलेलं. माझा त्यावर काडीचाही विश्वास नाही. त्यांचा पुरेपूर आहे. म्हणून मी आकडा सावकाश सांगितला.

"पावणेपाच."

"नीट बघ."

"तीनदा बघितलं. पावणेपाच. वीस वर्षं."

मामांनी अंगठी पुन्हा घातली नाही. रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि विडा न घेताच उठले. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. फार बरं वाटलं.

दार लागल्यावर नवऱ्यानं हात पुढे केला. "आण ती. घालतो आता."

मी अंगठी पर्समध्ये टाकली आणि रिक्षानं बिबवेवाडीला गेले. आई परकराची शिलाई उसवत बसली होती. अंगठी तिच्या बोटांना ढिली होत होती, म्हणून अंगठ्यात घातली. सगळं सांगितलं. शेवटी ती अंगठ्याकडे बघत म्हणाली, "अगं, पण ही जावयाची आहे ना?"

"होती," मी म्हटलं.