नऊ टिंबं डावीकडे

हाइम्बुक सर भूमिती शिकवायचे. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायचा तो, ते आयुष्यात खेळले नव्हते. आधीचे प्रशिक्षक नोकरी सोडून गेले, त्या दिवशीच्या बैठकीला सर गैरहजर होते, म्हणून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं. खिशात कायम खडू आणि नियमांची पुस्तिका. पुस्तिका मात्र तोंडपाठ.

१९५४चा ऑक्टोबर होता. नेब्रास्काच्या पश्चिम टोकाच्या त्या गावात बिटाची काढणी सुरू झाली की शाळेला सुट्टी लागायची आणि दांडगी पोरं शेतावर जायची. सरांकडे उरले अकरा जण, तेही काटकुळे. अकराचे दहा झाले तर संघ बंद, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं.

त्यातला अकरावा रूबेन गीस. मधोमध वाकून चेंडू पायांमधून मागे द्यायचा आणि लगेच समोरच्या धिप्पाड गड्याच्या अंगाखाली जायचं, हे त्याचं काम. याच जागी त्याच्या थोरल्या भावाचा खांदा मोडला होता.

आई लिडिया बिटाच्या वजनकाट्यावर बसायची. सर परवानगी मागायला तिथेच गेले.

"एक मॅच," लिडिया म्हणाली. "पोरगा चेंगरला तर मैदानात उतरून कान धरून घरी नेईन. आधी त्याचा कान. मग तुमचा."

ट्रकांची रांग डावीकडे होती. रांगेत दोन ड्रायव्हर भांडत होते, सगळे तिकडे बघत होते आणि उजवीकडून एक गाडी वजन न करताच आरामात निघून गेली. सरांनी खडू काढला आणि काट्याच्या खोलीच्या दारावर टिंबं मांडली. नऊ लांब डावीकडे. मधे रूबेन एकटा, त्याच्या मागे चेंडू फेकणारा. पुढच्या रांगेत झेल घ्यायची मुभा फक्त दोन टोकांच्या गड्यांना असते, आणि आता एक टोक रूबेन होता.

"दार पुसून जा," लिडिया म्हणाली. सर तंद्रीत तसेच गेले.

शुक्रवारी दुपारी संघ असा उभा राहिला, तेव्हा समोरचा प्रशिक्षक ओरडला, "काय हो, तुमची पोरं तिकडे बसची वाट बघतायत का?"

पंच आले. सरांनी पुस्तिकेचं पान आधीच दुमडून ठेवलं होतं.

समोरचे सगळे दांडगे डावीकडे धावले. रूबेनने चेंडू मागे दिला आणि चालत पुढे गेला. चेंडू आला, छातीवर आपटून पडला. पुढचाही पडला. तिसरा त्याने पोटाशी आवळला आणि पार शेवटची रेघ ओलांडली. सहा गुण.

उत्तरार्धात समोरच्या संघाने आपला सगळ्यात अवजड गडी रूबेनसमोर आणला. पहिल्याच धडकेत रूबेन आडवा. प्रेक्षकांत बसलेली लिडिया उठून कठड्यापाशी आली. तिच्याकडे बघायचा सरांना धीर झाला नाही.

"आई, बस ना खाली!" पडल्यापडल्याच रूबेन ओरडला. "माझ्याकडे काय बघतेस? तिकडे बघ!"

अवजड गडी इकडे आल्यामुळे तिकडे एक कमी पडला होता, आणि चेंडू त्या नऊ जणांतून सुसाट निघाला होता. लिडिया बसली नाही, पण मैदानातही उतरली नाही.

सव्वीस विरुद्ध वीस, हरले. आदल्या आठवड्यात अठ्ठेचाळीस गुणांनी हरले होते.

शनिवारी सकाळी सर ओलं फडकं घेऊन काट्यावर गेले. टिंबं तशीच होती.

"ते राहू द्या," लिडिया म्हणाली. "दोन झेल सोडले त्याने. सोमवारपासून त्याला काय शिकवणार, ते आधी सांगा."